दूरचें जवळ

पन्नाशी उलटली म्हणजे मनुष्याला दोन भिंगें लागतात, असें माझे एक जुने स्नेही म्हणत असत. एक जवळचें वाचण्यासाठीं आणि दुसरें दूरचें ओळखण्यासाठीं. मीं गेल्या वर्षीं तिसरें घेतलें.

हें तिसरें भिंग नाकावर बसत नाहीं. कॅमेरा आणि त्याचें लांबलचक भिंग यांच्यामध्यें तें बसतें. आकारानें तें एखाद्या लहानशा डबीएवढें असतें, आणि त्याची किंमत ऐकल्यावर आमच्या घरांत दोन दिवस माझ्याशीं कोणी फारसें बोललें नाहीं. इंग्रजींत त्याला टेलिकन्व्हर्टर असें नांव आहे. मराठींत त्याला काय म्हणावें याचा मीं बराच विचार केला. 'दूरदृश्यवर्धक' असा शब्द मला सुचलाहि. परंतु तो उच्चारून होईपर्यंत पक्षी उडून जातो असा अनुभव आल्यामुळें मीं परक्या शब्दाशींच तडजोड केली. मी इंग्रजीचा प्राध्यापक आहें. अशा तडजोडींची मला संवय आहे.

पक्ष्यांचीं छायाचित्रें घेण्याचा नाद मला उतारवयांत लागला. मुलगी नोकरीसाठीं परगांवीं गेली, घरांत संध्याकाळीं बोलायला विषय उरेनात, आणि तीस वर्षें तेच ते निबंध तपासून शब्दांचाहि थोडा कंटाळा आला. तेव्हां मीं एक जुना आरशाचा कॅमेरा विकत घेतला, आणि त्यावर १०० पासून ४०० मिलिमीटरपर्यंत हवें तसें लांब-आंखूड होणारें एक झूम भिंग चढविलें. वर्षभर मी सुखांत होतों. पुढें मात्र सर्व नादिष्टांचें होतें तेंच माझें झालें. जें चारशेंमध्यें मावत होतें तें मला लहान दिसूं लागलें, आणि जें दिसत नव्हतें त्याचाच ध्यास लागला. माझा पक्षी चित्रांत असे तो वाटाण्याएवढा. तो निदान लिंबाएवढा तरी दिसावा, एवढीच माझी इच्छा होती. "मग जरा जवळ जाऊन काढा," असें आमच्या घरांतून सुचविण्यांत आलें. या सूचनेतील शहाणपण मला पुढें कळलें. त्या दिवशीं मीं ती अडाणीपणाची समजून सोडून दिली आणि कन्व्हर्टर आणला.

येथें वाचकांना आमच्या गांवाची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. मी वालीवला राहतों. वसई स्टेशनाच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराकडे तोंड करून बसलेलें हें गांव. माझ्या लहानपणीं तें भाताच्या खाचरांचें गांव होतें. आज तें गाळ्यांचें गांव आहे. पत्र्याच्या छपराखालीं लेथ फिरत असतात, प्रेस ठोके देत असतात, प्लॅस्टिकचे साचे तापत असतात, आणि महामार्गाकडे जाणाऱ्या टेंपोंची रांग रात्रींहि संपत नाहीं. आमचें घर आहे तेथेंच आहे. पत्ता मात्र बदलत गेला. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका आली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं आम्ही ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्ह्यांत गेलों. एका जागीं बसून एवढा प्रवास फार थोड्या लोकांना घडला असेल.

आमच्या घरामागें पाण्याचा एक तुकडा आहे. तेथें पूर्वीं आमचें खाचर होतें. बाबा गेल्यावर त्याचे दोन वांटे झाले; घराकडचा माझा आणि पलीकडचा दादाचा. नऊ वर्षांपूर्वीं दादानें आपला वांटा गाळे बांधणाराला दिला आणि त्याच्या बदल्यांत पैसे व एक गाळा घेतला. आमच्या घराण्यांतील एका लग्नांत, दहा माणसें ऐकत असतांना, मी त्याला म्हणालों, "बाबांच्या जमिनीवर पत्रे ठोकलेस." दादा माझ्यापेक्षां सात वर्षांनीं मोठा. त्यानें माझ्याकडे एकदां पाहिलें, हातांतलें ताट खालीं ठेवलें आणि तो निघून गेला. त्यानंतर आमचें बोलणें थांबलें. भांडण असें झालेंच नाहीं, त्यामुळें तें मिटविण्याचीहि सोय राहिली नाहीं.

माझ्या वांट्यांत पुढें भात झाला नाहीं. तेथें बारमाही पाणी राहूं लागलें, पाणकणीस माजली, आणि तिच्या आडोशाला पक्षी येऊं लागले. ढोकरी, शेकाटे, टिटव्या, हिवाळ्यांत तुतवार, आणि सर्वांत माझा लाडका म्हणजे कवड्या खंड्या. हा काळापांढरा पक्षी पाण्यावर दहा-पंधरा हातांवर येतो, हवेंत एकाच जागीं पंख फडफडवीत थांबतो, आणि मान खालीं घालून दगडासारखा पाण्यांत कोसळतो. तो हवेंत थांबलेला असतांना त्याचा डोळा चित्रांत स्पष्ट यावा, ही माझी महत्त्वाकांक्षा. चहूंकडे पत्र्यांचें राज्य पसरलें असतांना आपण एवढा हिरवा तुकडा राखला, याचा मला अभिमान होता. आणि तो अभिमान पलीकडच्या काठावरील पत्र्यांकडे न पाहण्यांत मी रोज खर्च करीत असें.

आतां कन्व्हर्टरची हकीकत. माझ्याकडचा कन्व्हर्टर १.४ पटींचा आहे. तो लावला कीं ४०० चें भिंग ५६० चें होतें. दुपटीचाहि मिळतो, त्यानें ८०० होतात. हें ऐकून कोणालाहि वाटेल कीं, हा तर फुकटचा लाभ झाला. परंतु प्रकाशाच्या राज्यांत फुकट कांहींच मिळत नाहीं. माझ्या भिंगाचें तोंड, कन्व्हर्टर लावा अगर काढा, सुमारें सत्तर मिलिमीटरचेंच राहतें. त्या तोंडांतून जेवढा उजेड आंत येतो तेवढाच येतो; कन्व्हर्टर फक्त तो अधिक जागेवर पसरतो. एका भाकरीचें तूप दोन भाकऱ्यांवर लावावें तसें हें आहे. १.४ पटींनीं चित्र वाढलें म्हणजे त्याचें क्षेत्र दुप्पट होतें आणि उजेड निम्मा राहतो. दुपटीनें वाढलें म्हणजे उजेड चौथाई राहतो. छायाचित्रकारांच्या भाषेंत सांगावयाचें तर ५.६ चें भिंग पहिल्यानें ८ चें होतें आणि दुसऱ्यानें ११ चें. शिवाय भिंगाचे दोष वाढतात, हाताचा कंप वाढतो, आणि तापलेल्या पत्र्यांवरून उठणाऱ्या हवेच्या लहरीसुद्धां वाढून दिसतात. मोठें करणाराला चांगलें तेवढेंच मोठें करतां येत नाहीं.

याचा मूळपुरुष एक गणिताचा मास्तर होता, हें वाचून मला व्यवसायबंधूला साजेसा आनंद झाला. इंग्लंडांत वूलिच येथील लष्करी शाळेंत गणित शिकविणारा पीटर बार्लो यानें १८३० नंतरच्या दशकांत दुर्बिणीसाठीं एक अंतर्गोल भिंग योजलें. एकत्र येत असलेल्या किरणांना तें जरा फांकवितें, त्यामुळें ते थोडे पुढें जाऊन मिळतात आणि प्रतिमा मोठी पडते. आजचा कन्व्हर्टर म्हणजे याच कल्पनेचा वंशज. पुढें १८९१ सालीं टॉमस डॉलमायरनें इंग्लंडांत व अडॉल्फ मीथेनें जर्मनींत, कॅमेऱ्यासाठीं दूरचें भिंग स्वतंत्रपणें सिद्ध केलें. त्याआधीं पक्षी जवळ आणण्याचें खात्रीचें साधन म्हणजे बंदूक. आपले सलीम अली यांची पक्ष्यांशीं ओळख अशीच झाली. लहानपणीं छऱ्यांच्या बंदुकीनें त्यांनीं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून तिचें कूळ विचारण्यासाठीं ते मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेंत गेले, आणि तेथून त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. चिमणी मात्र जिवानिशीं गेली होती. त्या मानानें आमचीं भिंगें अगदींच निरुपद्रवी. तीं पक्ष्याचें कांहीं बिघडवीत नाहींत. बिघडवितात तें धन्याचें.

मीं मोठ्या उत्साहानें कन्व्हर्टर चढविला, तळ्याकडे नेम धरला आणि कळ अर्धी दाबली. कॅमेरा हलला नाहीं. पुन्हां दाबली. भिंगांतून नेहमीं येणारी ती हलकी घरघर आली नाहीं. कवड्या हवेंत थांबला, त्यानें सूर मारला, मासा घेतला, आणि तो निघूनहि गेला. माझा कॅमेरा वर्गांतल्या मागच्या बाकावरील विद्यार्थ्याप्रमाणें स्वस्थ बसून होता.

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईंत फोर्ट भागांत कॅमेऱ्यांची दुरुस्ती करतो. शेक्सपिअरनें त्याच्यावर कांहीं परिणाम केला नाहीं, पण लहान पेचकस हातांत आला कीं तो कवि होतो. त्याच्याकडे मी गेलों. त्यानें माझ्यासाठीं चहा मागविला, मोडकळीस आलेला एक कॅमेरा उघडला आणि मला धडा दिला. तो धडा मला इतका आवडला कीं, तो येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आरशाच्या कॅमेऱ्यांत मोठ्या आरशामागें एक लहान आरसा असतो. तो थोडासा उजेड खालीं, कॅमेऱ्याच्या तळाशीं बसविलेल्या एका यंत्राकडे पाठवितो. त्या यंत्राचें काम म्हणजे वस्तु किती दूर आहे याचा अंदाज घेऊन भिंग हलविणें. हें काम तें कसें करतें? भिंगाच्या एका काठाकडून आलेला उजेड तें वेगळा घेतें, समोरच्या काठाकडून आलेला वेगळा घेतें, आणि त्या दोघांच्या दोन प्रतिमा शेजारीं शेजारीं ठेवून ताडून पाहतें. प्रतिमांमधलें अंतर ठरल्याप्रमाणें असलें म्हणजे नेम बरोबर. कमी पडलें म्हणजे नेम वस्तूच्या अलीकडे. जास्त झालें म्हणजे पलीकडे. भिंग कोणत्या बाजूला आणि किती हलवावयाचें, हें त्याला एका दृष्टिक्षेपांत समजतें. १९८५ सालच्या मिनोल्टा ७००० नंतर भिंगें बदलतां येणाऱ्या कॅमेऱ्यांत ही सोय रूढ झाली, आणि छायाचित्रकाराच्या बोटांचें निम्में काम गेलें.

"पण सर," माझा विद्यार्थी म्हणाला, "दोन्ही काठ त्याला दिसले पाहिजेत. तुमच्या कॅमेऱ्याचें यंत्र ५.६ पर्यंतच्या भिंगाचे काठ धरून बसविलेलें आहे. कन्व्हर्टर लावला कीं भिंग ८ चें झालें, उजेडाचा शंकु अरुंद झाला. यंत्र जेथें पाहतें तेथें आतां भिंग नाहींच, काळोख आहे. चुकीचा नेम देण्यापेक्षां त्यानें मुकाट्यानें हात वर केले."

मीं विचारलें, "म्हणजे सर्वच कॅमेऱ्यांचें असें?"

"नाहीं. कांहींचा मधला बिंदु ८ पर्यंत चालतो. आणि आतां जे बिनआरशाचे आलेत, त्यांत हें यंत्र चित्र उमटणाऱ्या पृष्ठावरच पसरलेलें असतें; ते ११ काय, कधीं कधीं २२ लासुद्धां दाद देत नाहींत. दुसरीहि एक रीत आहे. भिंग हलवीत जावयाचें, चित्राची रेघ ठळक होते कीं नाहीं बघत राहावयाचें, जास्त झालें कीं मागें यावयाचें."

"तंबोरा लावतात तसें."

"अगदीं तसेंच. सूर पक्का लागतो, पण तोंवर गवई निघून जातो."

मग त्यानें माझ्याकडे जरा चोरट्या नजरेनें पाहिलें आणि एक उपाय सांगितला. कन्व्हर्टरच्या कडेवर सोनेरी ठिपक्यांची एक ओळ असते. त्या ठिपक्यांमधून तो कॅमेऱ्याला 'मी येथें आहें' असें कळवितो. त्यांतले ठराविक ठिपके पातळ चिकटपट्टीनें झांकले कीं, कांहीं कॅमेऱ्यांना कन्व्हर्टरचा पत्ताच लागत नाहीं. आपल्यापुढें ५.६ चेंच भिंग आहे असें समजून ते बिचारे कामाला लागतात. भरपूर उन्हांत, ठळक रेघांच्या वस्तूवर, मधल्या बिंदूनें नेम बहुधा साधतो. उजेड उतरला कीं भिंग पुढें जातें, मागें येतें, आणि चाचपडत राहतें. इंग्रजींत या चाचपडण्याला 'हंटिंग', म्हणजे शिकार, म्हणतात. शिकार कोणाची होते तें शब्दावरून कळत नाहीं.

"आणि एक गंमत लक्षांत ठेवा," तो म्हणाला. "प्रत्येक चित्राबरोबर कॅमेरा भिंगाची नोंद ठेवतो. पट्टी लावलीत कीं नोंद खोटी पडेल. भिंग ५६० चें, ८ चें. पण कागदोपत्रीं ४०० आणि ५.६."

मीं आयुष्यभर विद्यार्थ्यांना नकला करूं नका म्हणून सांगितलें. त्या दिवशीं मी स्वतःच्या कॅमेऱ्याला फसविण्याची पट्टी खिशांत घालून घरीं आलों.

माघाचे दिवस होते. पहांटे सहाच्या सुमारास तळ्यावर धुकें असतें, आणि गाळ्यांची पहिली पाळी सुरू झालेली नसते, म्हणून हीच वेळ मीं निवडली होती. उजेड अगदींच जेमतेम. साडेसहाला कवड्या आला. तो माझ्यासमोर, तळ्याच्या मध्यावर, हवेंत थांबला. मीं कळ दाबली. घरघर सुरू झाली. भिंग पुढें गेलें, पक्षी धुक्याचा गोळा झाला. मागें आलें, पक्षी क्षणभर उमटला आणि पुसला गेला. पुन्हां पुढें, पुन्हां मागें. कवड्या तेथून केव्हांच निघून गेला. यंत्र मात्र चाचपडत राहिलें, आणि अखेर ज्याच्यावर ठळक रेघा होत्या अशा पलीकडच्या पत्र्याच्या भिंतीवर जाऊन स्थिर झालें.

त्या भिंतीपुढें, लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, दादा बसला होता.

दादा तेथें रोज सकाळीं येऊन बसतो हें मला ऐकून ठाऊक होतें. पण वर सांगितल्याप्रमाणें, त्या काठाकडे न पाहणें हा माझा नित्यनेम होता. आज यंत्रानें तो मोडला. दादानें धोतराचा काठ वर घेतला होता आणि तो आपल्या गुडघ्याला पट्टा गुंडाळीत होता. एक वेढा दिला, थांबला. दुसरा दिला, थांबला. हातांत पूर्वींची पकड राहिलेली नव्हती. याच हातांनीं त्यानें वीस वर्षें लेथ चालविला होता, आणि त्यांतल्या पहिल्या सहा वर्षांत माझी कॉलेजची फी भरली होती. मीं कळ पुरी दाबली.

नंतर कॅमेऱ्याच्या पाठीवर तें चित्र मोठें करून पाहिलें. चेहरा अस्पष्ट होता. मोठें करावें तसा तो अधिकच विरघळत गेला. नऊ वर्षांत दादाचा चेहरा कसा झाला हें मला पाहावयाचें होतें, आणि माझ्याजवळ ५६० मिलिमीटर असूनहि तो मला दिसत नव्हता. तेव्हां मला आमच्या घरांतली ती अडाणी सूचना आठवली.

तळ्याला वळसा घालून पलीकडे जायला दीडशें-दोनशें पावलें पडतात. मीं तीं मोजलीं नाहींत. पण तीं पुष्कळ वाटलीं. दादानें मला लांबूनच पाहिलें असावें. मी जवळ पोहोंचलों तेव्हां गाळ्यांतून दुसरी खुर्ची बाहेर आलेली होती.

"बस," दादा म्हणाला. "रोज तिकडून नळकांडें रोखून असतोस. मला वाटलें, नेमका मलाच धरतोस कीं काय."

"पक्षी बघतों."

"तो काळापांढरा ना? तो आतां येतो तो उगाच फेरी मारायला. खरा येतो नऊनंतर, ऊन पाण्यांत उतरलें म्हणजे. मासे वर दिसतात त्याला. त्या तारेवर बसतो, बघ, त्या खांबाजवळ." त्यानें बोट दाखविलें. खांब आमच्यापासून वीस पावलांवर होता. "तुझ्या यंत्राला उजेडहि मिळेल तेव्हां."

मीं मुकाट्यानें ऐकून घेतलें. मीं दोन हिवाळे, पुस्तकें आणि एवढे पैसे खर्चून जें शिकलों नव्हतों, तें दादा खुर्चींत बसून शिकला होता.

चहा आला. पुतण्यानें तो आणून दिला आणि तो शहाणपणानें आंत निघून गेला. मग हळूहळू तळ्याचा विषय निघाला. दादा म्हणाला, "तूं तळें राखलेंस म्हणतात सगळे. राखलेंस खरें. पण झालें कसें तें ठाऊक आहे का तुला? माझ्या जागेवर चार हात भराव पडला, शेजारच्यांच्या जागेवर पडला, आणि नाल्याची मोरी बुजली. तुझें पाणी अडलें. हीं पांखरें माझ्या भरावानें आलीं रे."

मीं कांहीं बोलण्यापूर्वींच तो पुढें म्हणाला, "मी काय हौसेनें दिली जमीन? भात निघायचा बंद झाला होता. वरून तेलकट पाणी यायचें. तुला पगार होता. तूं रविवारीं यायचास, बांधावर उभा राहायचास, 'काय सुंदर' म्हणायचास आणि जायचास. मला रोज चिखलांत उतरायला लागायचें. मला एकट्याला."

त्याचा आवाज चढला नव्हता. नऊ वर्षें घडी घालून ठेवलेलें वस्त्र उलगडावें तसें तो तें सांगत होता. मला माझ्या विद्यार्थ्याचा धडा आठवला. वस्तूचें खरें अंतर कळायला दोन काठांचा उजेड लागतो. मीं नऊ वर्षें त्या जमिनीचा निवाडा एकाच काठावरून केला होता. दुसरा काठ कोठें काळोखांत आहे याची मला चौकशीहि करावीशी वाटली नव्हती. माझ्या कॅमेऱ्यानें निदान उजेड नाहीं म्हणून हात वर केले होते. मीं तेवढेंहि केलें नव्हतें. मी लग्नाच्या मांडवांत नेम धरून मोकळा झालों होतों.

दादाची क्षमा मागावी असें मनांत आलें. पण आमच्या घरांत मोठ्या भावाची क्षमा मागण्याची भाषा कोणाला येत नाहीं. माझी इंग्रजीहि तेथें उपयोगी पडली नाहीं. मीं कॅमेरा काढला आणि सकाळचें चित्र त्याच्यापुढें धरलें. दादानें चष्मा कपाळावर चढविला, चित्र दूर धरलें, जवळ धरलें. तोहि क्षणभर चाचपडला.

"बाबांचें हें कधीं काढलेंस?" त्यानें विचारलें.

मीं सांगितलें नाहीं. पण थोड्या वेळानें खुर्ची आणि पत्रे त्याच्या ओळखीचे निघाले असावेत, कारण तो एकाएकीं हंसला आणि म्हणाला, "म्हातारा झालों कीं रे मी!"

उठतांना दादानें मला एक काम सांगितलें, आणि खरें अवघड तें हेंच होतें. २०१८ च्या जुलैंत वसई-विरार पाण्याखालीं गेलें होतें, तेव्हां आमच्या आळींतल्या घरांत आणि गाळ्यांत कमरेएवढें पाणी शिरलें होतें. लेथच्या मोटारी जळल्या, आणि धान्य गेलें. त्यानंतरचा प्रत्येक पावसाळा लोक जीव मुठींत धरून काढतात. बुजलेली मोरी उघडावी म्हणून महानगरपालिकेकडे अर्ज करावयाचा होता. त्यावर सर्वांच्या सह्या होणार होत्या, आणि तो नीट लिहून देणारें माणूस त्यांना पाहिजे होतें. मोरी उघडली कीं पाणी जाणार. पाणी गेलें कीं माझें तळें जाणार. माझ्याच हातानें माझ्या कवड्याची हकालपट्टी लिहावयाची होती.

मी गप्प राहिलेला पाहून दादानें जमिनीवर काठीनें एक रेघ ओढली. "मोरीचा उंबरठा दोन हात वर धरायला सांग. चढलेलें पाणी निघून जाईल, खालचें राहील. लिहितांना तेवढें घाल. इंजिनिअरला पटेल." मग जरा थांबून म्हणाला, "नाहींच पटलें, तर मात्र अर्ज मागें घ्यायचा नाहीं. पांखरांना दुसरीकडे उडतां येतें. आळींतल्या म्हाताऱ्यांना येत नाहीं."

तो अर्ज मीं त्याच रात्रीं लिहिला. आयुष्यांत मीं पुष्कळ लिहिलें. पण ज्याच्या प्रत्येक वाक्यानंतर खिडकींतून बाहेर पाहावें लागलें असें लेखन हेंच. उंबरठ्याची गोष्ट त्यांत दुसऱ्या परिच्छेदांत घातली आहे, आणि दादाच्या सांगण्यावरून जाड अक्षरांत घातली आहे. सह्या झाल्या, अर्ज पोहोंचला. पुढें काय होईल तें पावसाळ्याच्या आधीं समजेल.

कन्व्हर्टर सध्यां त्याच्या डबींत आहे. मीं त्याची चिकटपट्टी काढून टाकली. कोणी विचारलें तर मी त्याची निंदा करीत नाहीं. भरपूर ऊन, चांगलें भिंग, दोन काठ ओळखणारा कॅमेरा आणि जेथें पायांनीं जातांच येत नाहीं अशी जागा, एवढें जमून आलें तर तो आपलें काम चोख करतो. खाडीच्या मध्यावरील पक्ष्यासाठीं तो पाहिजेच. माझी चूक एवढीच झाली कीं, जेथें दोनशें पावलांचें काम होतें तेथें मीं त्याला लावला.

आतां रविवारीं नऊच्या सुमारास मी पलीकडच्या काठावर जाऊन बसतों. कवड्या खांबाजवळच्या तारेवर येतो. वीस पावलांवर ४०० पुरून उरतात. परवां त्याचा डोळा चित्रांत अगदीं स्पष्ट आला. दादाला तें चित्र दाखविलें तेव्हां तो म्हणाला, "बरें आलें आहे." आणि मग, गुडघ्याचा पट्टा सोडून माझ्या हातांत देत म्हणाला, "हें जरा घट्ट बांध. मला नीट जमत नाहीं."